ओलीचा माग

३ ऑक्टोबर

पुन्हा ओल. गादीचा कोपरा चाचपला तर गार लागला, आणि वास तोच – बंद ट्रंकेतल्या जुन्या कपड्यांचा. ह्यांच्या उशाकडची बाजू. नेमकी तीच.

आठवड्यापूर्वी सिलिकोनच्या दोन ट्यूब मी स्वतः रिकाम्या केल्या. प्रवासासाठी जुन्यात घेतलेल्या ह्या घरगाडीच्या, चाकांवरच्या घराच्या, अंगाला बाहेरून जिथे फट दिसली, भोक दिसलं, तिथे बुजवलं. शिडीवर चढून, कंबर मोडेपर्यंत. तरी पाणी आत येतंच आहे. म्हणजे दोष मुळातच होता, आणि विकणाऱ्याला तो ठाऊक होता. लावला फोन. वीस मिनिटं बोलले. तो मध्ये एकदाच म्हणाला, "बाई, माझ्याकडे नऊ वर्षं होती गाडी. थेंब आला नाही." मी म्हटलं, खोटं बोलायलाही सराव लागतो, तुमचा चांगला दिसतो.

हे बाहेर खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "भाषण उत्तम झालं. गळती थांबली का?"

४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ह्यांच्या फुप्फुसांना ओल सोसणार नाही. "मोकळ्या हवेत फिरा, त्यानं बरंच वाटेल. पण ओल्या भिंतीला टेकून झोपणार असाल तर मी हो म्हणणार नाही." वीस तारखेला पुन्हा तपासणी. तोवर गाडी कोरडी झाली तर ठरलेल्या प्रवासाला निघायचं. नाही तर विकून टाकायची. थंडी पडायच्या आत उबेच्या मुलखात पोचलो नाही तर ह्यांना प्रवास नाही, आणि पुढच्या वर्षाचं आज कोण सांगणार?

तेहतीस वर्षं मी सभा केल्या. कारखान्यांची फाटकं, बाजारातले चौक, शाळांची पटांगणं. दर वेळी ह्यांनी डबा बांधून दिला आणि मी परत येईपर्यंत दिवा ठेवला. यंदा मी शब्द दिला आहे – वर्षभर एकही व्यासपीठ नाही. हे वर्ष ह्यांचं. तो शब्द वाटीभर पाण्यापायी मोडायचा?

५ ऑक्टोबर

ह्यांनी मला न विचारता धाकटीला बोलावलं!

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पाणीखात्यात आहे. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते सळईला कान लावून शोधणं हे तिचं काम. आम्ही दोघी अकरा वर्षं एका घरात नांदलो, पण आमचं एकमेकींशी झालेलं बोलणं गोळा केलं तर एक सभाही भरायची नाही. मी तिला घुमी म्हणत आले. तोंडावर नव्हे, पण घरात कानोकानी जातंच.

दुपारी आली. खांद्यावर कापडी पिशवी, हातात लांब सळई.

"रजा काढलीस?" मी विचारलं.

"सध्या मोकळीच आहे, ताई."

चहासुद्धा नाही घेतला. चपला काढून गाडीत गेली, ती तासभर बाहेर आली नाही.

६ ऑक्टोबर

मी तिला माझं निदान सांगितलं. पाणी छतावरून येतंय. तीन कारणं दिली, क्रमानं. ओलीवरचं एक जाडजूड पुस्तक आणून वाचून काढलं होतं, त्यातले दाखले दिले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल."

एवढंच. वर्षानुवर्षं ह्या एका शब्दानं माझा जीव खाल्लाय.

मग तिनं स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं भिंत ठोकत गेली. ठक, ठक, ठक, आणि एके ठिकाणी थप. खडूनं रेघ. पुन्हा ठक, ठक, थप. अर्ध्या तासात पलंगामागच्या भिंतीवर तिनं खडूनं एक नकाशा काढला. मग ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र टोचलं. कोरड्या भिंतीत दहा-बारा. नकाशात एकोणतीस.

"पंधराच्या खाली आलं की भाऊजी इथे झोपतील," ती म्हणाली.

ह्यांच्याकडे बघून म्हणाली. माझ्याकडे नाही.

८ ऑक्टोबर

आजचं सविस्तर लिहायला हवं.

खात्याच्या भांडारातल्या काकांकडून ती एक मोठा पंखा मागून घेऊन आली. गाडीच्या सगळ्या झरोक्यांना आतून कागद चिकटवले, मोरीच्या भोकात बोळा कोंबला, आणि दारात पंखा असा बसवला की बाहेरची हवा आत भरत राहावी. गाडी फुगली. म्हणजे दिसायला नव्हे, पण दार ढकललं तर ते परत ढकलत होतं. मग तिनं बादलीत साबण घुसळला आणि ब्रश घेऊन बाहेरून गाडीला आंघोळ घालत सुटली.

"ताई, आता फक्त बघायचं. हवा जिथून बाहेर पडेल तिथून पाणी आत शिरतं."

मी बघत राहिले. आणि छताच्या मागच्या काठाला, शिडी जिथे बसवली आहे तिथल्या एका स्क्रूपाशी बुडबुडे आले. मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे, एकावर एक, फेसाचं एक फूल उमललं. एवढ्या मोठ्या गाडीच्या अंगावर तेवढंच एक. मी आयुष्यभर माणसांना सांगत आले की अन्याय शोधून काढावा लागतो, तो आपण होऊन हात वर करत नाही. पण शोधायचं कसं ते मला कधी असं दाखवता आलं नव्हतं, साबणाच्या पाण्यानं.

हे खुर्चीतून टाळ्या वाजवत होते. धाकटी लाजली. पन्नाशीची बाई, कानांपर्यंत लाल!

तात्पर्य: छतच निघालं. मीच बरोबर होते. तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "हो, एक तिथे आहेच."

९ ऑक्टोबर

दिवसभर छतावर. जुना चिकट थर प्लास्टिकच्या पातीनं खरवडून काढला. लोखंडी पाती घेऊ दिली नाही – पत्र्याला ओरखडा पडतो आणि नवी गळती आपणच जन्माला घालतो. स्क्रू काढले, खाली रबरी पट्टी घातली, पुन्हा पिळले. मी म्हटलं, वरूनच थापून टाकू या ना ट्यूब. ती म्हणाली, "जुन्यावर नवं धरत नाही, ताई." हात सोलले. मजा आली, हे कबूल करते.

१२ ऑक्टोबर

काल पाऊस झाला. आज गादी ओली.

मी पलंगावर बसले ती उठलेच नाही. मनात जाहिरातीचा मजकूरही तयार झाला – विकणे आहे. हे म्हणाले, "जाऊ दे गं, आपण गॅलरीत खुर्च्या टाकून बसू वर्षभर." ह्यांना मला हसवायचं होतं. त्यातच खोकला आला आणि थांबेचना. मी पाठ चोळत राहिले.

धाकटीला फोन केला. म्हटलं, फसलं सगळं. ती म्हणाली, "बरं झालं, इथेच कळलं. वाटेत कळलं असतं तर?"

१३ ऑक्टोबर

सकाळीच आली. मला नळी धरून बाहेर उभं केलं – "खालून वर या. आधी चाकांच्या वर, मग हळूहळू. मी थांबा म्हटलं की थांबायचं, आणि बोलायचं नाही." आजवर मला कुणी असं बजावलं नव्हतं. मी बोलले नाही.

ती आत, खिडकीतून दिसत होती. सळईचं एक टोक भिंतीला, दुसऱ्या टोकाची लाकडी वाटी कानाला, डोळे मिटलेले. तिचा चेहरा मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. त्याला घुमेपणा म्हणायचं? भर सभेत मी प्रश्न टाकते आणि हजार माणसं श्वास रोखतात, तेव्हा कुठे तशी शांतता होते. ही एकटी तेवढी शांत होती.

पाणी खिडकीच्या काचेवर आलं तशी ती म्हणाली, "थांबा."

बाहेर आली. खिडकीच्या चौकटीत खाली एक पन्हळ असते. तिच्यात तिनं लाल रंगाचं पाणी ओतलं. पाणी भरलं. तसंच राहिलं. मग आतल्या बाजूला वाहून भिंतीत गेलं.

"ताई, काचेवरचं पाणी ह्या पन्हळीत उतरतं. चौकटीला बाहेरून दोन बारीक भोकं असतात, त्यातून निघून जातं. तेवढ्यासाठीच केलेली असतात."

मी चौकट पाहिली. दोन्ही भोकांवर सिलिकोन. गुळगुळीत, बोटानं सारखं केलेलं. माझ्या बोटानं!

हे आभाळाकडे बघायला लागले. आभाळात काही नव्हतं.

"साबणाच्या दिवशी का नाही दिसलं?" मी विचारलं.

"हवेलाही वाट नव्हती ना. तुम्ही पक्कं बुजवलंय." आणि मग, ब्लेड शोधता शोधता – "काम सफाईदार आहे हो, ताई. आमच्याकडे पगारी माणसं असं बुजवत नाहीत."

हे आधी हसले. मग ती. शेवटी मीही.

छतावरचा तो स्क्रू थोडंसंच पाणी देत होता. उरलेलं सगळं मीच भिंतीत कोंडलं होतं.

१४ ऑक्टोबर

जुन्या मालकाला फोन. ह्या वेळी दोन मिनिटं. माफी मागितली, कारण सांगितलं.  तो म्हणाला, "बाई, मी बायकोला सांगितलं होतं, एवढ्या शुद्ध भाषेत मला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं." गाडीचं समोरचं दार थंडीत अडकतं, थोडं उचलून ओढा, असंही सांगितलं. चांगला माणूस आहे.

१७ ऑक्टोबर

भिंतीची आतली फळी उतरवलीय. मागची लाकडी पट्टी बोटानं दाबली तर भिजल्या बिस्किटासारखी. धाकटीनं कुजकं तेवढंच कापलं. चांगल्याला धक्का नाही. नवी पट्टी मापून, कड तासून, पहिल्या झटक्यात जागेवर. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, "बघून." कुणाला बघून ते सांगितलं नाही, आणि मी पुढे विचारलं नाही. माझी ही जुनी खोड – मुलाखत घ्यायची नाही, भाषण द्यायचं.

पंखा दिवसभर चालू. यंत्र सकाळी बावीस, संध्याकाळी एकोणीस. दर दोन तासांनी हे स्वतः सुया टोचून आकडा ओरडतात, जणू क्रिकेटचा सामना.

१९ ऑक्टोबर

तेरा!

२० ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, मग मला विचारलं, "भिंत?" मी आकडा सांगितला. त्या हसल्या. "निघा."

ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवर माझा हात धरला. भर रस्त्यात, लोकांदेखत. असे हे नव्हेत. चोवीसला सकाळी निघायचं ठरलं.

धाकटीला जेवायला बोलावलं. काय द्यावं हे कळेना. शाल नको, त्या मलाच कंटाळा येईतो मिळाल्यात. शेवटी म्हटलं, "मी तुला घुमी म्हणायचे." ती म्हणाली, "ठाऊक आहे. मीही तुम्हाला भोंगा म्हणायचे." ह्यांना ठसका लागला, पण हा हसण्याचा.

२२ ऑक्टोबर

पंखा परत करायला पाणीखात्यात मीच गेले. तिची रजा तरी किती खायची! भांडारातल्या काकांना म्हटलं, जाऊबाईंना पाठवा जरा, एवढी गुणाची बाई तुमच्याकडे आहे हे साहेबांना सांगून जाते.

काका माझ्याकडे बघत राहिले. "त्या आता इथे कुठे? गेल्या महिन्यात नळांना ऐकायची यंत्रं बसवली. ऐकणारी अकरा माणसं एका कागदात कामावरून काढली, त्यात त्याही. पंखा मी माझ्या जबाबदारीवर दिला. सळई परत मागायची होती, ती मागवली नाही माझ्यानं."

अकरा माणसं. ह्याच गावात. मी तेव्हा सिलिकोन लावत होते.

तिच्या घरी गेले. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही भाऊजींना शब्द दिलाय ना, ताई. सांगितलं असतं तर तुम्ही सभा घेतल्याशिवाय राहिला असतात का?"

ह्यांना सगळं सांगितलं.  हे लवकर झोपले, किंवा झोपल्यासारखं केलं.

२३ ऑक्टोबर

उठले तर हे आधीच उठून डबा बांधत होते. म्हणाले, "गाडी आधी पाणीखात्याच्या फाटकाशीच लावू. तुझी सभा मी आत पडून ऐकेन. कोरडी आहे आता."

धाकटीला विचारलं. तिनं एक अट घातली: "माझं नाव घ्यायचं नाही. बाकीच्या दहा जणांची घ्या. कुणी कधी घेतलेली नाहीत."

दहा नावं तिनं सांगितली, मी लिहून घेतली. प्रत्येकानं कुठल्या रस्त्याखालचं पाणी वाचवलं, तेही. पाठ करते आहे.