चांदण्या पाखातला वेळू

किनवट, जि. नांदेड
बुधवार, ५ मार्च १९९७

चि. सुदामास बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं २४ तारखेचं पत्र आज सकाळी हाती आलं. घरी सगळं ठीक. हरभरा निघाला. तुझी आई दर वेळी म्हणते, "तिकडं भुई अजून हालती का, इचारा." भूकंपाला साडेतीन वर्षं झाली म्हणून सांगतो, पण लातूर म्हटलं की तिला तेवढंच आठवतं. आता तिथली भुई हालत असेल तर ती तुम्हा क्लासवाल्या पोरांच्या पायांनीच!

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस.

शिमग्याची शिकार तोंडावर आली म्हणून गेल्या महिन्यात तीर मारायला नवा कमठा करायला घेतला. दिवाळीच्या सुट्टीत तू तोडलेला तोच वेळू. शेंड्याकडच्या भागाचा कमठा तासून तू लातूरला नेलास, बुडखा माझ्याकडे होता. तासला, निखाऱ्यावर शेकला, मोहाचं तेल पाजलं. पळसाच्या मुळांच्या वाकाची दोरी वळली. तासतानाच पिठासारखा भुसा पडत होता. दिसत असून मी हात थांबवला नाही. दोरी चढवून ताण दिला आणि कमठा मधोमध फुटला. चिरफळी उजव्या डोळ्यात गेली.

नांदेडच्या डॉक्टरांनी परवा पट्टी सोडून बोट दाखवलं. मला उजेड दिसला, बोट दिसलं नाही.

परीक्षा होईपर्यंत हे तुला कळवायचं नव्हतं. पण तू लिहिलंस, "येत्या रविवारी कमठ्याला दोरी चढवणार, जीशानला ओढून बघायचाय." तुझ्या खोलीतला जीशान, ईदला तुला नांदेडला आपल्या घरी घेऊन गेला तो.

तो रविवार होऊन तीन दिवस झाले.

पत्र वाचलं तसा धोंडप्पाच्या गाडीवर मागे बसून इथे किनवटला आलो. तुमच्या क्लासच्या नंबरावर फोन लावला. "हजार पोरं हायेत मामा, कोनाचा निरोप कोनाला देऊ?" म्हणून त्या माणसाने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. आता पोस्टाच्या बाकावर बसून हे लिहितोय. दुसरं काय करावं ते कळत नाही.

वेळू अंधाऱ्या पाखात तोडायचा, चांदण्या पाखातल्याला घुण लागतो, किडा आतून पीठ करतो, हे माझ्या बापाने मला शिकवलं होतं. तू कोयता घेऊन निघालास तेव्हा दिवाळीची अमावस्या सरून पाडवा उजाडला होता. तुझी सुट्टीच तेवढी. पोरगा कधी नव्हे तो आपणहून रानाकडे निघालाय, त्यात पाखाचा मोडता कुठे घालू, म्हणून मी गप्प बसलो. उलट तुला कुठलं बेट चांगलं ते दाखवलं. तुला ठाऊक नव्हतं, मला होतं. माझ्या डोळ्याचं मला काही नाही रे. दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्याची फार भीती वाटते.

अजून ओढला नसेल तर ओढू नका. कोयत्याने तुकडे करून टाक.

दोघांची खुशाली एका ओळीत कळव. आधी त्याची लिही.

तुझा बाबा,
पिराजी