मोहाखालचा पाला

माय, त्या सकाळी तू चुलीवर आंबील ढवळत होतीस आणि मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. हंगामापुरती मी मूल गावाहून माहेरी आले होते. नवरा तिथल्या राइस मिलमध्ये कामाला होता. आपल्या झाडांखालचा पाला तू आधीच झाडून जाळला होतास, तुझ्या लुगड्याला अजून राखेचा वास होता. मी म्हटलं, "नदीच्या घाटावरच्या झाडाखाली पाला तसाच आहे. फुलं सडून राह्यली." तू वर पाहिलं नाहीस. "राहू दे. त्या झाडाले हात नको लावू." "काऊन?" "सांगतलं ना, नको लावू." एवढं बोलून तू मला आंबील वाढलीस, आणि मी ती पिताना तुझ्याकडे चोरून पाहत राहिले.

कारण मी आल्यापासून पाहत होते. चार दिवसांपूर्वी त्याच झाडाखाली तू स्वतः लख्ख झाडलं होतंस. आणि काल दुपारी तू टोपलीभर पाला नेऊन त्याच जागी पसरलास. फुलं वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाला काढतात, माय. तिथे पाला नेऊन टाकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शिवाय ती चामोर्शीची चुडीवाली, जिला सगळा गाव चाची म्हणायचा, ती आठवड्यातून दोनदा आपल्या घरी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, तुझ्या हातात बांगडी नव्हती, तरी ती तुझ्याजवळ टोपली उघडून तासभर बसायची आणि मी आत आले की दोघी गप्प. विहिरीवर शेजारच्या मावशीने विचारलंच, "तुझ्या मायचं घाटावर काय ठेवलं आहे वो? सोनं पुरलं का माणूस लपवला?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि घागर उचलून घराकडे निघाले. मला वाटलं, माणूसच आहे.

पन्नास सालच्या आसपासचा तो उन्हाळा. नदीपलीकडच्या रानात शेतकऱ्यांची लढाई चालली होती, आधी निजामाशी, मग नव्या सरकारशीही. तुझं माहेर तिकडचं. तिथल्या जमीनदाराने तुझ्या बापाला वेठीला राबवून मारलं, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस. पण ते आणि हा पाला यांचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. त्या दुपारी पोलिसांची गाडी गावात आली, चावडीत त्यांचा मुक्काम पडला, तरीही नाही. दिवस मावळायच्या आधी तू विहिरीवर गेलीस. मी खराटा घेतला आणि घाटावर जाऊन ती जागा झाडून काढली, उंबरठ्यासारखी पाक साफ. वाटलं, स्वच्छ मातीवर उद्या पावलं उठतील. कोणाची आहेत ते तर कळेल.

उजाडताच मी पाहायला गेले. पावलं होती. ओली, लहान, बाईची. आणि त्यांच्यावर बुटांचे ठसे.

चावडीसमोर एक अनोळखी पोरगी बसलेली. माझ्याच वयाची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हात मागे बांधलेले. तू घागर घेऊन तिच्यासमोरून गेलीस, मान वळवली नाहीस. तिनेही तुला ओळख दिली नाही. घरी आलीस, घागर न उतरवता भिंतीला टेकलीस, आणि तेव्हा पहिल्यांदा सगळं बोललीस. बांगड्या भरताना चाची घराघरांतून ऐकून यायची, पोलिस किती आले, कुठे उतरले. ते ती तुला सांगायची. त्यावरून तू झाडाखाली खूण ठेवायचीस. पाला असला तर येऊ नको, झाडलेलं असलं तर ये. ती पोरगी नदी उतरून यायची आणि निरोप पलीकडे लढणाऱ्यांकडे न्यायची. तिघी बायका, एकीलाही अक्षर येत नव्हतं. "पाला मी टाकला होता," तू म्हणत राहिलीस. "माह्या हातानं टाकला. झाडलं कोणी?" मग माझ्याकडे पाहिलंस. "तू गेली होतीस?"

मी म्हटलं, "नाई."

"मंग चाचीच," तू म्हणालीस. "तिच्याबिगर कोणाले मालूम होतं?"

पोरीला गाडीत घालून नेलं. पुढे नवरा वारल्यावर मी वाण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून वाचायला शिकले. लोकांना वाटलं, पोथीसाठी. पोथी मी नंतर वाचली. आधी प्रत्येक तुकड्यावर तिची बातमी शोधली. तिचं नावही माहीत नव्हतं, तरी शोधली. आज माझेही हात बांगड्यांवाचून आहेत आणि कोणी दोन बाया माझ्यासमोर गप्प झाल्या की मला तुझं घर आठवतं. तू गेलीस त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मरेपर्यंत तू खराटा माझ्या हाती दिला नाहीस, मी घ्यायला गेले की म्हणायचीस, "बस तू, पाहुणी आहेस." तुला कळलं होतं का? की लेकीला काम सांगू नये म्हणून? यावर मी इतक्या वेळा विचार केला आहे की तुझा खरा आवाज कसा होता तेच आता आठवत नाही. हा कागद टपालात पडणार नाही, पेटीत तळाशी राहील. पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस, कारण तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस.

पोरीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चाची आली. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर टोपली तशीच. दारातूनच म्हणाली, "बाई, अल्लाकसम, मी कोणाले काही नाई बोलली." तू हलली नाहीस. मग ती माझ्याकडे वळली. "बेटी, तू तरी सांग तुह्या मायले." तिने भरलेल्या हिरव्या बांगड्या माझ्या हातांत होत्या. मी दार लोटलं आणि आतून कडी घातली.