दादाचं स्टिअरिंग

सोमवार, ३ जून
दादाला जाऊन दोन महिने झाले. वहिनी म्हणते, त्याचं गेमचं स्टिअरिंग टर्बोला देऊन टाकू. टर्बो म्हणजे दादाचा ऑनलाइन रेसमधला मित्र. भेटायला आला तेव्हा मोठमोठ्याने रडला. दादाला 'दादा' म्हणतो. सख्खा भाऊ मी! मला रडायला जमत नाही, एवढंच.
मीही रेस खेळतो, असं वहिनीला ठोकून दिलं. दादाच्या आठवणीत १६ तारखेला रेस आहे. नाव नोंदवलं. टर्बोला हरवलं की स्टिअरिंगचा विषयच संपला.

बुधवार, ५ जून
संकल्प : पाया पक्का करायचा. दादाच्या कपाटात चाळीस वर्षांचे रेसिंग गेम आहेत. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात, रोज एक. लिफ्टची तपासणीही मी तळमजल्यापासूनच करतो.
पहिला गेम : गाडी म्हणजे चार ठोकळे. ती जागेवरच, रस्ता खाली सरकतो. अकरा वेळा आपटलो. दर वेळी नवी गाडी मिळते. सभ्य गेम.

रविवार, ९ जून
अजून पहिलाच गेम. घाई नको. टर्बोने वहिनीला फोन करून विचारलं म्हणे, भावजींना काही मदत हवी का. साळसूद कुठला!

बुधवार, १२ जून
तिसरा गेम. आता डोंगर आले, गाडीला आकार आला. भिंतीला घासत वळलं की ब्रेक मारावाच लागत नाही! टर्बोला हे माहीत नसणार.

शनिवार, १५ जून
मधली वीस वर्षं वगळून थेट आजचा गेम. खरा ट्रॅक लेसरने मोजून खाचखळग्यांसकट उतरवलाय. टायर तापतात. स्टिअरिंग हाताला हिसके देतं. भिंतीला घासलो तर चाकच निखळलं. याला प्रगती म्हणायचं?
दादाच्या सीटवरून माझे पाय पेडलला पोचत नाहीत. सीट पुढे सरकवली नाही. पाठीला उशी घेतली.
टर्बोने सूचनांचा लांबलचक मेल पाठवलाय. वाचला नाही. शत्रूचा सल्ला कशाला?

रविवार, १६ जून, सायं. ६.४०
पहिल्या फेरीत पहिला! सगळे एका रांगेत, गोगलगायीसारखे. बावीस गाड्या ओलांडल्या, टर्बोचीही. सगळ्यात पुढची जागा रिकामीच होती, घेतली. हेडफोनमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. जळले असणार.
दुसऱ्या फेरीत पहिल्याच वळणावर भिंत. चाक. बाद.

सायं. ७.१५
मेल वाचला. पहिली फेरी श्रद्धांजलीची. सगळ्यांनी सावकाश, न बोलता चालवायचं. सगळ्यात पुढची जागा दादासाठी रिकामी ठेवायची.

सोमवार, १७ जून
टर्बो आला. स्टिअरिंग मीच सोडवलं, त्याच्या गाडीपर्यंत उचलून नेलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, तुमच्याकडून चुकून झालं हे आम्हाला लगेच कळलं. दादा नेहमी सांगायचे म्हणे, माझा भाऊ जन्मात कधी रांग मोडून पुढे घुसला नाही, फार गुणी आहे.
हे दादाने त्याला सांगितलं. मला एकदाही नाही.