मावशी शुक्रवारी येणार नाही

नरोली, सिल्वासा
मंगळवार, ४ नोव्हेंबर

ती. समाधानदादास,

शिरसाष्टांग नमस्कार (प्रत्यक्ष घालायला तू समोर नाहीस, म्हणून लिहून घालते). उषावहिनींनाही नमस्कार. तुझं पित्त कसं आहे, आणि सकाळी चहाच्या आधी कोमट पाणी पितोस का, हे मावशीने विचारायला सांगितलं आहे. इकडे सर्व ठीक. मावशीचा रक्तदाब परवाच्या रविवारी आमच्या कार्यक्रमाआधी १३४/८६ होता आणि कार्यक्रमानंतर १२४/८०. यंत्र मी स्वतः तपासलेलं आहे, तेव्हा आकड्यांबद्दल शंका नसावी. फोनवर तू माझं दुसरं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

तुझी मागणी अशी की मावशीला १४ तारखेच्या शुक्रवारी पारोळ्याच्या गाडीत बसवून द्यावं, कारण भगवंतकाकांनी (म्हणजे वहिनींच्या वडिलांनी) मोबाइलवर पाहिलं की त्यांच्या विहीणबाई, म्हणजे तुझी आई, पदर कमरेला खोचून माइकवर भराभर बोलताहेत आणि समोर दोनशे माणसं हात वर करून डोलताहेत. त्यांनी पाहिलं ते खरं आहे. फक्त माणसं दोनशे नव्हती, साधारण तीनशे चाळीस होती. खुर्च्यांच्या रांगा मी मोजल्या होत्या. हा प्रकार तुला तुकड्यातुकड्याने कळलेला दिसतो, म्हणून क्रमाने सांगते.

जानेवारीत मला टायफॉइड झाला तेव्हा मावशी पंधरा दिवसांसाठी आली, हे तुला माहीत आहे. पंधराव्या दिवशी मी बरी होते, पण तोवर शेजारच्या खोलीतली सोनी आमच्याकडे जेवायला लागली होती आणि मावशीच्या मते तिची तब्येत माझ्यापेक्षा वाईट होती. सोनी शहाद्याची, वय बावीस, आमच्याच धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. मी तिथे मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे तपासते. (तू लोकांना ‘मीटरचं रीडिंग घेते’ असं सांगतोस. ते चूक आहे.) मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा सप्ताह असतो आणि प्रत्येक विभागाला काहीतरी सादर करावं लागतं. दरवर्षी तेच नाटक होतं. हेल्मेट न घातलेला कामगार मरतो, यमराज येतो, आणि हेल्मेट घातलेला कामगार यमराजाला समजावून परत पाठवतो. यमराज होतात आमच्या कार्मिक विभागाचे अभिजीत सर, आणि ते भाषण फार लांबवतात. सोनी म्हणाली, यंदा आपण रॅप करू. म्हणजे तालावर बोलायचं, पण खरं बोलायचं. (व्याख्या सोनीची आहे. मला अजून यापेक्षा बरी सापडलेली नाही.)

ताल आम्ही तिच्या मशीनचा घेतला. खोक्यांना पट्टी बांधायचं मशीन आहे. दोन ठोके, एक सुस्कारा, मग थोडी रिकामी जागा, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी ठोके. मी तो मोबाइलवर उतरवून आणला. आठवडाभर सराव झाल्यावर मशीनची दुरुस्ती झाली आणि ठोके ब्याण्णव झाले, तेव्हा आम्हाला प्रत्येक ओळीतून एखादं अक्षर काढावं लागलं. मावशी हे सगळं पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. चौथ्या दिवशी तिने लाटणं खाली ठेवलं आणि सोनीला म्हणाली, “तू बोलस कशी, परीक्षा देस तशी. दम कोठे लेस?” श्वास कुठे घ्यायचा हे दाखवायला तिने तुमच्या गल्लीतल्या केसरबाईंबरोबरचं नळावरचं जुनं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. त्यात एका ठिकाणी ती एकोणीस सेकंद न थांबता बोलते आणि सगळ्यात जड शब्द शेवटी टाकते. सोनीला सात सेकंद जमतात, मला नऊ. गटाचं नाव ‘लाल बटण’ हे आधीच ठरलेलं होतं (धोका दिसला की मशीन जागच्या जागी थांबवायचं बटण असतं ते). गटाची प्रमुख कोण, हे त्या दुपारी ठरलं. मतदान झालं नाही.

तरीही मावशीने मंचावर यायचं नव्हतं, हे मी जबाबदारीने लिहिते. शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावतात, म्हणून ती प्रेक्षकांत होती. कॅन्टीनला जेवली आणि हात धुवायला मागच्या बाजूला गेली. आमची पाळी आली तेव्हा सोनीचा घसा पूर्ण बसलेला होता. मावशी गरम पाण्याचा पेला घेऊन मंचावर चढली, पेला सोनीच्या हातात दिला, माइक स्वतःच्या हातात घेतला आणि आमच्या बाराच्या बारा ओळी अचूक म्हणाली. मग तिने चार ओळी घरच्या घातल्या. पट्टीच्या मशीनला बोटं अडकू नयेत म्हणून जी लोखंडी जाळी असते, ती काम भरभर व्हावं म्हणून काढून ठेवली होती, आणि हात धुताना तिला ती मागच्या अंगणात सापडली होती. जाळीवर मिरच्या वाळत होत्या. “बोटं उघडी मशीनमध्ये, मिरचीला मात्र पहारा,” असं काहीसं ती म्हणाली. कामगार चाळीस सेकंद हसत होते आणि त्यानंतर टाळ्या. मुख्य परीक्षक चेन्नईचे होते, मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. जोश सर्वांत जास्त म्हणून त्यांनी आम्हाला पहिलं बक्षीस दिलं.

दुसऱ्या दिवशी अभिजीत सरांनी त्या चार ओळींचं भाषांतर लेखी मागितलं. सोनी म्हणाली, थोडं गोल गोल लिही. मी अचूक लिहिलं, खाली टीप दिली आणि मिरच्यांसकट जाळीचा फोटो जोडला. तीन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी जाळी मशीनवर होती. पुढच्या वर्षीपासून सप्ताहात फक्त चित्रकला स्पर्धा असेल असं परिपत्रकही निघालं. सोनीची दहाही बोटं शाबूत आहेत. हे तू भगवंतकाकांना सांगायला माझी हरकत नाही.

त्यानंतर बोलावणी येऊ लागली आणि त्यातली निम्मी गैरसमजातून होती. गणपतीत मंडळाच्या गोकुळभाऊंनी आमची ओळख ‘नव्या पद्धतीचं महिला भजनी मंडळ’ अशी करून दिली, त्यामुळे पहिल्या तीन रांगांतली मंडळी शेवटपर्यंत हात जोडून बसली. आम्ही म्हणत होतो भाड्याच्या खोल्यांबद्दल, सात खोल्यांना एक संडास आणि मुलींनी आठच्या आत घरात, यावर. संपल्यावर दोन आज्या मावशीच्या पाया पडल्या. त्यांपैकी एक आमच्याच मालकीणबाई होत्या. त्यांना काय कळलं ठाऊक नाही, पण दसऱ्याला दुसऱ्या संडासाचं काम सुरू झालं. एका हळदीत आम्हाला डीजे समजून बोलावलं होतं, तिथून आम्ही जेवून परत आलो. जवळच्या सुरंगी गावच्या शाळेत देवगडचे प्रसाद सर आहेत, त्यांनी ‘हात धुवा’ यावर काहीतरी करा म्हटलं. आम्ही केलं. मग चार मुलींनी मावशीला घेरलं आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं ऐकवलं. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडेच का थांबतो, असा विषय होता. या भागातला मुलींचा पहिला गट, असं लोक आमच्याबद्दल म्हणायचे तेव्हा मी गप्प बसायचे, कारण पुरावा नव्हता. आता दुसरा गट निघाला आहे, तेव्हा आम्ही पहिले, असं मी खात्रीने लिहू शकते.

आता तुझे मुद्दे. लोक हसतात, हा पहिला. हसतात, आम्ही त्यासाठी जागा सोडलेली असते. मावशीचं वय चोपन्न, हा दुसरा. एकोणीस सेकंदांचा श्वास बाविसाव्या वर्षी कुणाला जमत नाही, हे मी मोजून सांगितलं आहे. तिसरा, तिच्याशिवाय घर अडतं. याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून ते इथे देत नाही.

१६ तारखेच्या रविवारी सिल्वासात मोठा कार्यक्रम आहे. वापी, दमण, सुरत, नाशिक धरून सतरा गट, पैकी सोळा मुलांचे. आम्हाला प्रथमच पूर्ण वीस मिनिटं मिळाली आहेत. जाळी नाही, हात धुणं नाही, सगळं आमचं. नावनोंदणी करताना आयोजकाने विचारलं, बरोबर कोण मोठं माणूस आहे का? मी सांगितलं, आहे, तेच पहिलं कडवं म्हणतं. मावशी नसेल तर गट नाही. म्हणून ती शुक्रवारी येणार नाही. सोमवारी, १७ तारखेला, मी स्वतः तिला आणून सोडीन, आणि परत केव्हा न्यायचं हे तिला विचारून ठरवीन. हा निर्णय पक्का आहे. त्यावर चर्चा नको.

वहिनींना सांभाळ. कोमट पाण्याचं मनावर घे.

तुझी मावसबहीण
अमृता

ता. क. : मावशीचा जाड काचांचा चष्मा देवघराच्या फडताळात राहिला आहे. तो पाठव. ओळी तिला पाठ आहेत, पण समोरचे चेहरे तिला दिसायला हवेत असं ती म्हणते.

ता. क. २ : निर्णय पक्का आहे असं वर लिहिलं, ते अचूक नाही. रविवारच्या पहिल्या कडव्यावर अडलं आहे. कडवं तुझ्याबद्दल आहे. मी आणि सोनीने ते ठेवायचंच असं ठरवलं, पण मावशी म्हणाली, “त्याना मांगे नको बोलू. पहिले त्याले सांग.” तुला कळल्याशिवाय ती ते म्हणणार नाही, आणि तू नको म्हणालास तर शुक्रवारी गाडीत बसेन असंही म्हणाली. पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. म्हणून कडवं खाली देते. शब्द तिचे, मी फक्त उतरवलं आहे.

लेकाचा फोन येतो, आई, चावी कुठे ठेवली?
आई, पापडाचा डबा कुठे? पुरणाची चाळण कुठे गेली?
सांगता सांगता सापडलं सगळं, वस्तू जागेवर प्रत्येक,
आई कशी आहे, एवढं विचारायचं राहिलं एक.

ता. क. ३ : दहा महिन्यांतले तुझे सगळे फोन मी ऐकलेले आहेत (खोली दहा बाय बारा आहे, इलाज नाही). कडव्यात अतिशयोक्ती नाही. तरी एक विनंती आहे आणि पत्र खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. १३ तारखेच्या गुरुवारच्या आत तिला एक फोन कर, घरात काही शोधायचं नसताना. तू तो केलास तर हे कडवं खोटं ठरेल आणि आमच्याकडे नवं लिहायला जेमतेम तीन दिवस उरतील. ती अडचण आमची, आम्ही बघू.