भुंगा आला की

मु. पांढरबोडी, ता. सावली, जि. चंद्रपूर
२४ एप्रिल २०२५

प्रिय बिलाल,

अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील असं लिहायचा रिवाज आहे. पण तुझ्या अम्मीकडून, सईदाकडून कळतं, चंद्रपूरला मावशीच्या घरी तू दिवसभर खोलीत पडून असतोस, जेवायला दोनदा हाक मारावी लागते, आणि सावलीचा स्टुडिओ बंदच आहे. म्हणून तसं लिहीत नाही.

इकडे ऊन फार वाढलं आहे. शाळेत परीक्षा चालू आहेत. यंदा जयंतीला आपल्या गावात डीजे लागला नाही. सकाळी वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या आणि माणसं आपापल्या घरी गेली. तुझे अब्बा दरवर्षीसारखे सरबताचं पिंप घेऊन आले होते. ग्लास घेताना लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते. "बाबूभाई, तुमच्या पोरानं वाघाच्या तोंडातून बाई ओढून आणली. आमच्या पोरायले झाली नसती हिंमत." बाबूभाई मान खाली घालून पुढचा ग्लास भरत राहिले.

हे पत्र त्यांच्याच हाती देणार आहे. फोनवर लिहिलं असतं तर लगेच पोचलं असतं, पण फोनवर टाकलेलं कुठे कुठे जातं ते आपण दोघांनीही पाहिलं आहे.

कांतावहिनीचा व्हिडिओ मिळाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी हार घालून ठेवायला माझ्या भावाला, लहानूभाऊला, तिचा फोटो हवा आहे, आणि घरातला एकही त्याला पटत नाही. आधार कार्डावर ती कोणी धाक घातल्यासारखी दिसते, लग्नाकार्यातल्या फोटोंत डोळे मिटलेले. "बिलालनं जंगलात काढला होता ना, त्यात हासून राह्यली होती थे. तो माग त्याले," असं तो म्हणाला, म्हणून मी तुला मेसेज केला. तुझं उत्तर आलं: "मॅडम, रीलचं सगळं डिलीट केलं होतं. हा एक जुना तुकडा राहिला."

तो तुकडा मी पाहिला. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मला सगळं ओळीने मांडू दे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण मी ते कसं पाहिलं हे तुला माहीत नसेल.

तू लग्नांच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतलास तेव्हा गावाने त्याचं नाव भुंगा ठेवलं. मोहाचा हंगाम आला, वाघाचे पगमार्क नाल्यावर दिसले, आणि सरपंच गुणवंतरावांनी तुला सांगितलं की सकाळी बाया मोह वेचायला जातात तेव्हा वरून नजर ठेव. तू ठेवलीस. कोणी तुला एक पैसा दिला नाही, हे मी विसरलेले नाही. पण मग तू ती रील टाकलीस. झाडाखाली लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून बसलेल्या बाया, कोणी बिडी ओढते आहे, नाल्यात एक पाठमोरी अंघोळ करते आहे, आणि मागे बासरी. तुला ते सुंदर वाटलं. मला माहीत आहे, कारण शाळेत निबंधातही तू असंच जे सुंदर वाटेल ते लिहायचास, विषय कोणताही असो.

मोहाखालची सकाळ ही आमच्या बायांची स्वतःची अशी एकच जागा. तिथे नवऱ्यांच्या नकला होतात, सासवांना शिव्या घातल्या जातात, मोठ्याने हसतात. मोहाखाली असताना पदराकडे कोणाचं लक्ष नसतं. ती रील माधवीच्या नवऱ्याला त्याच्या कामावरच्या माणसाने दाखवली. "ही तुझीच ना?" त्या संध्याकाळी माधवीच्या पाठीवर काय झालं ते ती सांगत नाही.

ग्रामसभा तुला आठवतच असेल. तू म्हणालास, "मी वाघ पाहून राह्यलो होतो. बाया मधात आल्या."

"आमी मधात आलो?" कांतावहिनी उठलीच. "आमची आजी बसे त्या झाडाखाली. तुहा भुंगा काल आला बाप्पा! अन् वाघ पाह्यत होता तं वाघाचा फोटू टाक ना. माह्या पिंढऱ्या काऊन टाकल्या?"

सभा हसली. तूही हसलास. ती हसली नाही.

"बिलाल्या, तुह्या बापानं साऱ्या गावच्या बायायले बांगड्या भरल्या. एकेकीचा हात हातात घेतला. पण त्याची नजर कधी मनगटाच्या वर नाई गेली. तू तं हातही नाई लावला, अन् सारं पाहून घेतलं."

बाबूभाई मागे दाराशी उभे होते. ते तिथूनच बाहेर गेले.

बाया जंगलात असताना भुंगा उडणार नाही, असा ठराव झाला. मांडला मी. तू मान डोलावलीस.

वहिनी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. फुलं झाडाखाली मातीत पडतात, म्हणून खाली पसरायला काही जुनं द्या म्हणाली. मी माझी हिरवी साडी दिली, पिवळ्या काठांची. तिने ती उलगडून अंगावर धरली. "बाई, ही तं चांगली हाये. पसरू काऊन? नेसतो ना मी." मी म्हटलं, पदर फाटला आहे वहिनी, पसरायलाच घे.

सकाळी मी तुळशीजवळच्या नळावर पाणी भरत होते. भिंतीपलीकडून सईदा म्हणाली, बिलाल मूल गावची लग्नाची ऑर्डर करून आला आहे, वर गच्चीवर झोपला आहे. थोड्या वेळाने तू जिना उतरलास. अनवाणी, हातात काठी, "काकी! काकी!" ओरडत. सगळ्यांच्या आधी तू धावलास. आमचे पुरुष पोचले तेव्हा तू दगड मारत होतास आणि वाघ मागे सरत होता. झाडाखालची ती साडी ओढून तूच तिच्यावर घातलीस. त्या साडीतच तिला घरी आणलं. अंगणात ठेवली तेव्हा घडीतून मोहफुलं पडत होती. बाबूभाई आले, तिच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं आणि खाली बसले.

तेव्हापासून गाव एकच बोलतं. "भुंगा चालू असता तं कांता वाचली असती." माधवीने सांगून पाहिलं की त्या सकाळी तिला भुंग्याचा आवाज आला होता. गुणवंतराव म्हणाले, "बायायच्या डोकशातच भुंगा बसला हाये." मीही तिला म्हटलं, मधमाश्या असतील गं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी ती नवऱ्याकडेही पाहत नसेल.

काल गुणवंतराव घरी आले. एक मेच्या ग्रामसभेत ठराव मागे घ्यायचा आहे. "मॅडम, तुमीच बंद केला. आता तुमीच उठा अन् म्हणा, चालू करा. तुमच्या तोंडून आलं म्हणजे बाया ऐकतीन." लहानूभाऊ ओसरीवर बसून ऐकत होता. माझा सख्खा भाऊ, एका अंगणात राहतो, पण वहिनी गेल्यापासून माझ्याशी फोटोशिवाय दुसरं बोलत नाही. एकदाच बोलला. "तुले काय भेटलं, प्रिया, बंद करून?"

मी त्याला

२५ एप्रिल

काल इथेच हात थांबला. लहानूभाऊ दारात आला होता.

"आला का फोटू?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"त्याले म्हण, अर्धा चेहरा असला तरी चालते."

फोन माझ्या मांडीवरच होता. भावाशी मी असं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. त्याला वाटतं तू दुःखात आहेस म्हणून उशीर होतो आहे. तो तुझी काळजी करतो, बिलाल. "पोरगं हबकलं असन," म्हणतो.

आता लिहिते.

तुझ्या तुकड्यात वरून मोहाचं झाड दिसतं आणि त्याखाली पसरलेली हिरवी साडी. काठ पिवळे. ती साडी त्या जंगलात एकच सकाळ होती.

तो जुना तुकडा नाही. तू तो निष्काळजीपणे पाठवलास, की मला कळावं म्हणून पाठवलास, याचा मी खूप विचार केला. तू इतका निष्काळजी कधीच नव्हतास.

वहिनी वाकून वेचते आहे. मग ती मान वर करते. हात उंचावते. दात दिसतात, म्हणून लहानूभाऊला ती हसते आहे असं वाटेल. ती ओरडते आहे. तुझ्या भुंग्याची सावली साडीवर पडते आणि मोठी होत जाते, म्हणजे तू खाली येत होतास, रस्त्याच्या बाजूने. वहिनी पदर तोंडावर घेते आणि नाल्याकडच्या झुडपांकडे पळते. तिथे तुकडा संपतो.

तू सगळ्यांच्या आधी कसा धावलास, तुला दिशा कोणी सांगितली, हे गावात कोणी विचारलं नाही. मीही नाही. वाघाशी भिडलेल्या पोराला असं विचारायचं कोणाला सुचेल?

मी तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. शूटिंग करणारा माणूस इतक्या खाली येत नाही, चित्र बिघडतं. म्हणजे तू वाघ आधीच पाहिला असशील. तिला सावध करायला, तिथून हुसकायला तू खाली आलास, आणि घाबरलेल्या माणसाला पडद्यावर कोणती बाजू कोणती हे कळलं नसेल. असं असेल. किंवा तू नुसताच उडवला असशील, ठराव मोडून, कारण सकाळ सुंदर होती. तसंही असेल. मला ठाऊक नाही. पुढचा भाग तुझ्याकडे असेल, नाहीतर तू पुसला असशील. पुसला असलास तरी तू तो पाहिला आहेस.

आणि आता जे मी दोन दिवस टाळते आहे ते.

कांतावहिनी पळणारी बाई नव्हती. भर सभेत तुझ्याशी भांडली ती बाई भुंग्याला दगड मारेल, पळणार नाही. ती पळाली, कारण मी तसं सांगितलं होतं.

रील आल्यावर, ग्रामसभेच्या आधी, बाया माझ्या अंगणात जमल्या होत्या. "मॅडम, आला तं काय करावं?" मी शिकलेली, मला विचारणारच. मी म्हटलं, भुंगा आला की उघड्यावर थांबू नका. तोंडावर पदर घ्या आणि झाडोऱ्यात शिरा, पानांखालचं त्याला दिसत नाही. त्यांनी तिथल्या तिथे करूनही पाहिलं. कांतावहिनी माझ्या पेरूखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "दिसतो का मी, बाई?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, नाही दिसत.

मी याच गावात वाढले. आमच्या आईने चालता येऊ लागल्यापासून शिकवलं होतं, मोहाच्या दिवसांत मोकळ्यावर राहा, मोठ्याने बोलत राहा, एकटीने झुडपात शिरू नको. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ते बोलताना मी फक्त आभाळाचा विचार करत होते, जमिनीचा नाही. ठराव झाल्यावर बाया निर्धास्त होतील असं वाटलं होतं. पण त्यांना वर बघायची सवय लागून गेली होती. जंगलात वर बघत चालणाऱ्या बायांकडे पाहून मला तेव्हा शंका यायला हवी होती.

ठराव मांडला याबद्दल मला पश्चात्ताप नाही. हे लिहिताना मी स्वतःला दोनदा विचारलं. नाही. त्या बायांचं बरोबर होतं. पण हे मी लहानूभाऊसमोर कोणत्या तोंडाने म्हणू?

एक मेला गाव भुंगा पुन्हा चालू करेल. बाया पुन्हा झुडपात शिरतील, कारण मी शिकवलेलं त्या विसरलेल्या नाहीत. म्हणून मला गप्प राहता येत नाही. आणि बोलले तर तुमचं घर गावात एकटं आहे. आज बाबूभाईंच्या खांद्यावर पडणारे हात उद्या कसे पडतील, हे मला सांगता येत नाही. सईदा रोज भिंतीवरून मला कढीपत्ता देते. गप्प राहावंसं वाटतं ते तिच्यासाठी, की माझ्या स्वतःसाठी, हे मी प्रामाणिकपणे ठरवू शकत नाही.

मी उभी राहणार आहे. आधी माझं सांगेन, पूर्ण, पेरूखालच्या हसण्यासकट. माझं ऐकून झाल्यावर लोकांचा राग किती उरतो ते पाहू. तुझं तू सांगावंस. तू आला नाहीस तर तेही मलाच सांगावं लागेल, आणि मला फक्त सावली ठाऊक आहे. तू वाचवायला आला होतास का, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

पण सभेच्या आधी लहानूभाऊकडे जायचं. त्याला चार लोकांत कळता कामा नये. मी तुझ्याबरोबर येईन. तो काय करेल मला माहीत नाही. मारलं तर दोघं मिळून खाऊ.

फोटो तोवर मी देत नाही. वहिनीचा चेहरा त्यात स्वच्छ आला आहे. पण लहानूभाऊ तिला हसती समजून हार घालेल आणि रोज तिच्यासमोर मेणबत्ती लावेल, हे मला बघवणार नाही. त्यात ती कोणाकडे बघून काय ओरडते आहे ते त्याने आपल्याकडून ऐकावं. मग ठेवायचा की नाही ते त्याचं.

बाबूभाई दाराशी येऊन थांबले आहेत. त्यांना एसटी गाठायची आहे. पाकिटात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. मी लिहिते आहे तोवर खाली माझ्या हाताकडे बघत उभे आहेत, मनगटापर्यंतच.

ये.

तुझ्या भिंतीपलीकडची,
संघप्रिया