एका शब्दाचा हुकूम

ओबान, ४ मार्च

ती. आजोबांस इशबेलचा सा. न.

तब्येत बरी आहे. नोकरीचं नक्की सांगता येत नाही.

इथल्या पादचारी पुलाच्या आठ सळ्या आम्ही ताणून बसवल्या. आठवड्याने मोजलं तर ताण तीन टक्के उतरलेला. काय करू, असं आमचे वरिष्ठ गिलक्रिस्टसाहेब यांना फोनवर लिहून विचारलं. उत्तर एका शब्दाचं आलं: रिलॅक्स. आमच्या कामात याचा अर्थ ताण सोडणे. मी पूल बंद केला आणि आठही सळ्या सैल केल्या. त्यांना म्हणायचं होतं, काळजी करू नकोस, नवं पोलाद एवढं सैलावतंच.

आता शाळेची मुलं तीन मैलांचा वळसा घालतात. पुढच्या गुरुवारी चौकशी आहे. सहीचा अधिकार गेला तर मला पुलांचं काम मिळणार नाही. आई म्हणाली, रिलॅक्स. मी फोन ठेवला.

तुम्ही कोर्टात चाळीस वर्षं शब्द तपासलेत. खरा अर्थ कोणता, ते कळवावं.

आपली,
इशबेल

एडिंबरा, ७ मार्च

चि. इशबेल हिस अ. उ. आ.

शब्द लॅटिन आहे, अर्थ पुन्हा सैल करणे. म्हणजे तुझाच अर्थ जुना. आराम करणे हा फार नंतरचा. पोट साफ करायचं औषध, लॅक्सेटिव्ह, तेही त्याच घराण्यातलं, पण ते चौकशीत बोलू नकोस. आपल्या जुन्या कोर्टाचा हुकूम न मानणाऱ्याला तीनदा शिंग फुंकून बहिष्कृत करत. तो शरण आला की राजाच्या नावाने सुटकेचं पत्र निघे. त्याला म्हणत रिलॅक्सेशन.

तरी शब्दकोश घेऊन जाऊ नकोस, बाळ. अर्थ बरोबर होता. एका शब्दावर पुलाचा ताण सोडलास आणि पुन्हा विचारलं नाहीस, ही चूक. विचारायला तुला लहानपणापासून कमीपणा वाटतो. तेवढं कबूल कर.

तुझी वाट पाहणारा,
आजोबा डंकन

ओबान, १४ मार्च

ती. आजोबांस सा. न.

काल चौकशी अकरा मिनिटं चालली. पुन्हा विचारायला हवं होतं, असं मी सांगितलं. त्यावर गिलक्रिस्टसाहेब म्हणाले, कामावरचा हुकूम एका शब्दात देणाऱ्याला आधी जाब विचारा, आणि तो मी आहे. माझी सही कायम आहे.

सळ्या परत ताणल्या, आज सकाळी पूल उघडला. पहिल्या आल्या गावातल्या मिसेस मॅकफेल, कुत्र्याला घेऊन. म्हणाल्या, पोरी, तुझ्यामुळे या कुत्र्याचं वजन उतरलं, आता माझंही उतरू नये म्हणून पूल चालू ठेव.

घरी येऊन बूट न काढता खुर्चीत बसले आणि तासभर काहीही केलं नाही. याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी लिहीत नाही.

लोभ मात्र सैल पडू देऊ नये.

आपली,
इशबेल