केबलवर दाखवलेला नळ

अण्णा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची लुना ओळखणारी माणसंही आता नगरमध्ये फारशी उरली नाहीत. परवा माझ्या ऑफिसातली मुलगी मला समजावत होती, "मॅडम, रीलमध्ये एका मिनिटाच्या वर कुणी घर बघत नाही. हॉल, किचन, बाल्कनी आणि गाणं, संपलं." मी मान डोलावली, आणि तुम्ही एकेका घराला घालवलेला अर्धा अर्धा दिवस आठवला. गिऱ्हाईक लुनाच्या मागच्या सीटवर बसलेलं, चढ आला की तुम्ही त्याला उतरवून चालायला लावायचात. निम्मी माणसं घर दिसायच्या आधीच घामाघूम. घरात शिरलात की तुम्ही हॉलकडे बघायचाच नाहीत. सरळ मोरीतला नळ सोडायचा, मग गच्ची, आणि शेवटी शेजाऱ्याकडे चहा. "घराचं खरं शेजाऱ्याला ठावं असतं," म्हणायचात. नागापूरच्या कंपनीत नवी मशिनं आली, तुम्हा जुन्या फिटरांना घरी बसवलं, तेव्हा तुम्ही आधी कामगारांना खोल्या दाखवायला लागलात आणि मग विकायची घरं. एक मालक सारखा भाडेकरूचं आडनाव विचारत होता, त्याला तुम्ही म्हणालात, "आडनावानं छप्पर गळत न्हाई." खर्ड्याच्या गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला आडनावाचा प्रश्न नवा नव्हता. त्या मालकाची खोली मात्र तुम्ही पुन्हा कुणाला दाखवली नाहीत.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन घरात बसले होते आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केल्यामुळे मला सगळंच कळत होतं. गावात केबल नवीन आलेली. दुपारी केबलवाला सिनेमा लावायचा आणि मधे साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. मी तुमच्या मागे लागले की आपणही घर केबलवर दाखवू. गावाबाहेरच्या एका नव्या कॉलनीतलं बैठं घर वर्षभर विकलं जात नव्हतं, मालक तुमच्यावर वैतागला होता आणि दुसरा एजंट गाठायच्या बेतात होता. हे घर दुसऱ्याकडे गेलं असतं तर त्या कॉलनीतलं सगळं काम आपल्या हातून गेलं असतं, म्हणून तुम्ही शेवटी हो म्हणालात. मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलावलं. तो कॅमेरा खांद्यावर टाकून आपल्या ओट्यावर आला आणि तुम्हाला म्हणाला, "काका, नमस्कार करा. जरा हसा. अजून." तुम्ही हात जोडलेत, मग खाली सोडलेत आणि मला विचारलंत, "इकायचं काय हाय? घर का मी?"

घराच्या शूटिंगच्या दिवशी तुम्ही एका लग्नाला खर्ड्याला गेला होतात. शूटिंगवाला त्याच्या परीने मन लावून काम करत होता. त्याने पायरीवर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. हॉलचं दार आतून उघडताना तीनदा घेतलं, जणू नवरीच येणार आहे. मग स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "नळ धो धो चालला पाहिजे, ताई. पाणी दिसलं की घर जिवंत वाटतं." नळ धो धो चालला. गच्चीवरची टाकी सकाळीच टँकरने काठोकाठ भरली होती. मागच्या अंगणात मालकाची म्हातारी आई भांडी घासत होती, पण ती काही चित्रात नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आपल्याकडे केबल नव्हती, त्यामुळे शेजारच्या गुरुजींकडे सगळे जमलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने डबाभर चिवडा नेला होता, गुरुजींच्या बायकोने गल्लीतल्या चार जणी बोलावल्या होत्या. सिनेमा थांबला आणि सनई सुरू झाली. ते घर एका बदामाच्या आकारातून बाहेर आलं, गोल फिरलं आणि कमळात जाऊन बसलं. बायका टाळ्या वाजवतात. तुमच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू आहे. मग स्वयंपाकघर येतं, नळ येतो, आणि नेमकी तिथेच शूटिंगवाल्याची एक सनई संपून दुसरी सुरू व्हायची राहिली आहे. त्या शांततेत म्हातारीचा खणखणीत आवाज: "अरं बंद करा की त्यो नळ! टँकरचं पानी हाय त्ये! आपल्या नळाला चार दिसानं येतं पानी, आन् तुमी वततायसा!" मग पुन्हा सनई, आणि घर परत कमळात.

गुरुजींच्या बायको म्हणाल्या, "म्हातारी खरं बोलती, हं." चहा आला होता, पण तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि निघालात. जाहिरात आठवडाभराची ठरलेली, आणि केबलवाला बाहेरगावी गेलेला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही ती लागली. आता तर लोक सिनेमा सोडून तिच्यासाठी बसले होते. पानाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत तुम्हाला बघून माणसं विचारत होती, "काय अण्णा, चार दिसानं का?"

त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. आई भाकरी थापत होती. तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, "टँकर कुनी बोलावला?" मी म्हणाले, "शूटिंगवाला म्हणाला, पाणी दिसलं की घर जिवंत वाटतं." तुम्ही एवढंच म्हणालात, "मानूस घर एकदा घेतंय, पोरी. आन् पानी रोज भरतंय." ताटातली भाकरी तुम्ही अर्धीच खाल्लीत.

मला वाटलं, विषय संपला. पण तुम्ही मालकाला जाऊन भेटलात. तो तर तुम्हाला मारायलाच उठला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "सगळं गाव हसून ऱ्हायलंय. आता लपवायला उरलंय काय?" आणि मला रोज सकाळी त्या घराच्या पायरीवर वही घेऊन बसवलंत, नळाला पाणी कधी येतं ते लिहायला. आठ दिवसांत दोनदा आलं. म्हातारी माझ्या शेजारी बसून मला पोहे खायला घालायची आणि आपल्या मुलाची गाऱ्हाणी सांगायची. नवव्या दिवशी केबलवाल्याने स्वतःचा कॅमेरा आणला आणि तुम्ही मला त्याच पायरीवर उभं केलंत. सनई नाही, बदाम नाही. मी म्हणाले, "मागच्या वेळी दाखवलेलं पाणी टँकरचं होतं. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, पाऊण तास टिकतं. बाकी घर चांगलं आहे." मागून म्हातारी ओरडली, "गच्ची गळत न्हाई, त्ये बी सांग की!" तेही सांगितलं.

चार दिवसांनी कोपरगावहून एक रिटायर बाई नवऱ्याला घेऊन दारात. भाचीकडे मुक्कामाला आल्या असताना त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "पाण्याचं खरं सांगणारी पोरगी कुठाय?" त्यांनी घर घेतलं आणि सगळ्यात आधी अंगणात हौद बांधला. त्यानंतर आपल्या धंद्याचं विचित्रच झालं. घेणारे दारात रांग लावायला लागले, आणि विकणारे आपल्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. एका मालकाने तर हात जोडले, "अण्णा, घर तुमालाच देतो, पन पोरीला टीव्हीवर पाठवू नका."

फक्त शूटिंगवाल्याशी तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. माझ्या लग्नातसुद्धा त्याला बोलावलं नाहीत. "त्यो पोरीला खोटं शिकवतो," म्हणालात आणि भिंगारहून दुसरा आणलात. त्याने अंतरपाटापासून पुढचं सगळं कॅमेऱ्याचं झाकण न काढता शूट केलं. आजही आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये अर्धा तास नुसता काळोख आहे आणि त्यात मंगलाष्टका.

अण्णा, टँकर मी बोलावला होता. आपल्याच घरच्या नव्या फोनवरून, तुम्ही एसटीत बसल्यावर. तो बिचारा फक्त नळ चालवा म्हणाला होता, त्याला टाकीचं काही माहीतही नव्हतं. तुम्ही त्याच्या दुकानात जाऊन त्याला बोललात, तेव्हा तो गप्प राहिला, आणि मीही. तुमच्या पश्चात मी त्याच्याकडे जाऊन कबूल केलं. तो म्हणाला, "ताई, मला तेव्हाच कळलं होतं. पण तुमच्या अण्णांना चिडायला कुणीतरी हवंच होतं."

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा पत्ता नाही, हे सांगायला सोपं कारण. पण खरं कारण असं की गेल्या महिन्यात एका फ्लॅटच्या रीलमधला आवाज काढून मी त्यावर बासरी टाकली. बेडरूमच्या मागे पिठाची गिरणी आहे. तुम्ही हे वाचलंत, तर उद्या सकाळी मला त्या गिरणीसमोर उभं करून सगळ्या गावाला ते सांगायला लावाल. आणि अण्णा, तो फ्लॅट अजून विकला गेलेला नाही.